एकाच नंबरच्या नोटा

त्र्यंबक गायधनी, वय एकसष्ट, मुक्काम पळसे.
जठराचे चार तुकडे, तांदळाच्या कणीएवढे,
बाटलीच्या तळाशी बसलेले.

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये चौतीस वर्षं
नोटा तपासल्या, म्हणाले.
"एका नंबरच्या दोन निघाल्या ना, मॅडम,
तर दरवाजे बंद. कुणी घरी जायचं नाही.
माझ्या पाळीत एकदाच झालं.
रात्री दीडला सुटलो."

आता अंधाऱ्या खोलीत मी त्यांच्या पेशी मोजतेय.
निळ्या केंद्रकात दोनच लाल ठिपके हवेत,
एक आईकडचा, एक वडलांकडचा.
इथे सतरा.
शेजारी बावीस, आणि त्यापुढे
नुसता लाल गोळा, उकललेल्या डाळिंबासारखा.
मोजणं सोडलं.
एकच जीन, तेच पान, छापत सुटलेलं,
आणि कुठेही भोंगा वाजला नाही.

आठ वर्षांपूर्वीची स्लाइड कपाटातून काढली.
तिथे आहे तो. बुळबुळीत पडद्याखाली
पीळ दिलेला, स्वल्पविरामासारखा,
आम्लाच्या भट्टीत
अमोनियाची सावली धरून बसलेला.
कधी आला असेल?
बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी,
कुणीतरी चावून मऊ करून भरवलेल्या घासातून.

तो स्वतः काही छापत नाही.
एवढंच, की त्याच्या शेजारात वर्षानुवर्षं धग राहते,
डीएनएचा धागा तुटतो, सांधला जातो, परत तुटतो,
आणि एखाद्या रात्री घाईघाईत
भलतं टोक भलत्या टोकाला लागतं,
तुकडा दुणावतो, दुणावलेला पुन्हा दुणावतो.
कदाचित असं.
कदाचितला रिपोर्टात रकाना नाही.

आजच्या स्लाइडवर तो कुठेच नाही.
दोनदा रंगवून पाहिलं.
जठर सुकलं, आम्ल आटलं,
भाडं थकवून बिऱ्हाड हलवावं तसा गेला.
मी लिहिते : जिवाणू आढळले नाहीत.
खोटं नाही ते.
खाली लिहिते : जीनच्या प्रती वाढलेल्या.
म्हणजे एक इंजेक्शन लागू पडेलही. महाग आहे.

काउंटरवर गायधनी पैसे मोजतात,
अंगठा न भिजवता, ओठ न हलवता.
एक नोट सवयीनं ट्यूबलाइटकडे धरतात,
बराच वेळ.
"ही तेवढी बघून घ्या," म्हणतात,
"बाकीच्या बरोबर आहेत."