खोक्यावर लिहिलंय एकशे अठ्ठावीस

खोक्यावर लिहिलंय एकशे अठ्ठावीस.
विकणाऱ्या पोरानंही तेच सांगितलं,
छापील किमतीवर बोट ठेवावं तसं.

मी सिग्नल खात्यात छत्तीस वर्षं काढली, भुसावळ यार्डात.
वेळापत्रकात किती गाड्या बसतात मला माहीत आहे
आणि एका ब्लॉकात किती, तेही. एक.
पुढची सुटेपर्यंत मागची होम सिग्नलला उभी,
डब्यातली माणसं खिडकीतून डोकं काढून विचारतात,
काय झालं हो?

हवेतही तसंच.
सगळे एकदम बोलतायत असं वाटतं,
बोलतो एकच, बाकीचे थांबतात,
इतके थोडे की थांबल्याचं कळत नाही.
तिसाच्या पुढं गेलं की कळायला लागतं.

तापीकिरण, जामनेर रोड. चौदा खोल्या, एक राउटर,
दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात खिळ्याला टांगलेला.
मे महिन्यात शेहेचाळीसला तो मान टाकतो,
म्हणून वारकेंनी कूलरचं तोंड त्याच्याकडे वळवलं
आणि तेवढ्या वाऱ्यावर वर्गणी अर्धी करून मागितली.

रात्री नऊला गच्चीवर मीटिंग. फरशी अजून तव्यासारखी.
"नेट चालूनच नही राह्यलं," फेगडे म्हणाले,
"कितीक फोन जोडेल हायेत याले?"

मी म्हटलं, सगळे बंद करा. मग एकेक चालू करा.
बंद केल्यावर पडद्यावर माझा एकट्याचा दिसायला हवा होता.
दोन दिसत होते.
मी चष्म्याला दोष दिला, वही उघडली.

तडवींच्या नर्सिंगवाल्या दोघी, तीन.
इंगळे लोको पायलट, ड्यूटीवर एकही नाही, घरी दोन.
वारकेंचा टीव्ही, वारकेंचा दुसरा टीव्ही,
वारकेंच्या दारावरचा कॅमेरा, जो दिवसभर
आमच्या चपला बघत बसतो.
स्पर्धा परीक्षेची पाच पोरं, अकरा.
कुणीतरी म्हणालं, भरीत पार्टीत माणूस वाढला
म्हणून वांगं वाढत नाही, पळी लहान होते.
सगळे हसले. पोरं हसली नाहीत, त्यांची परीक्षा रविवारी.

वहीत एकतीस.
पडद्यावर बत्तीस.

माणसं खाली गेल्यावर मी यादी पुन्हा बघितली.
सगळ्यात शेवटी, फोनला तिनंच कधीतरी दिलेलं नाव:
कामिनी.

फेगड्यांची थोरली. तीन वर्षांपूर्वी सुरतेला गेली,
उधन्याच्या लूमवर काम करणाऱ्या पोराबरोबर.
फोन टेबलावर ठेवून गेली होती.
तेव्हापासून, मुलं किती, असं कुणी विचारलं
तर फेगडे एक सांगतात.

वहिनी मीटिंगला आल्या नव्हत्या.
उडदाचे पापड पडलेत, म्हणाल्या होत्या.
मी बघत होतो तेव्हाच जिन्यात फेगड्यांच्या चपला वाजल्या
आणि बत्तीसचे एकतीस झाले.

राउटरमध्ये एक सोय असते, कुठल्याही उपकरणाचं नाव बदलता येतं.
मी दोन बोटांनी टाइप केलं: जिन्यातला बल्ब.
मग घरात येऊन पाणी प्यायलो.

सकाळी फेगडे दारात.
"वारके म्हने तुमच्या पडद्यावर एक जास्त व्हता. कोन हाये तो?"
"जिन्यातला बल्ब."
"बल्बाले नेट लागतं?"
"हल्ली लागतं."
"मंग काढून टाका."
"काढला तर जिन्यात अंधार होईल."

त्यांनी वर पाहिलं.
चाळीसचा पिवळा बल्ब, होल्डरला कोळिष्टक,
बटण मीटरच्या पेटीशेजारी, सगळ्यांना माहीत असलेलं.
बराच वेळ पाहत राहिले.
मी चष्मा पुसत होतो.

"ऱ्हाऊ द्या मंग," म्हणाले,
आणि कठड्याला न धरता खाली उतरले.

दुपारी राउटरनं पुन्हा मान टाकली.