माया

शहापूरच्या खडेबाजारात आमचं दुकान,
बारटक्के टेलर्स. पाटी दोन लिप्यांत,
कन्नड वर, मराठी खाली.
एकतीस वर्षं लोकांच्या कमरा मोजल्या.
स्वतःची मोजायची वेळ
पोट फाडल्यावर आली.

मोठ्या आतड्याचा वीतभर तुकडा गेला.
डॉक्टर पट्टणशेट्टींनी हातानं लांबी दाखवली,
मी मनात इंच केले: नऊ.
टाके मात्र मी मोजले. तेवीस.
जरा मोठे घातलेत, पण सरळ.

पहिले चार महिने मी नुसता उसवत गेलो.
चौतीसची पँट एकतीस झाली, मग एकोणतीस.
शेवंता दर रविवारी कमरपट्टीत एक चिमटा घ्यायची,
काही बोलायची नाही, पिना तोंडात.
कॉलरमध्ये मान हलायची
घंटेतल्या लोळ्यासारखी.
शेजारचा रेवणसिद्ध रोज कुंदा पाठवायचा,
खावा की ओ मामा, तोंड बघा कसं झालंय.
मी बोटभर चाटायचो,
बाकीचा बसवंत खायचा, काजं करता करता.
त्या दिवसांत दुकानात तोच एकटा जाड झाला.

दिवाळी सरली आणि वजन परत आलं.
त्याच किराणा दुकानातल्या त्याच काट्यावर,
बासष्ट. आजाराआधी होतं तेवढंच, नेमकं.
शेवंतानं कपिलेश्वराला नारळ फोडला.
रस्त्यात लोक म्हणाले, आता भरलात.
मी ट्रंकेतून जुनी पँट काढली.

लागली नाही.
कमरेला दीड इंच कमी,
आणि मांडीत सैल, भाजीच्या पिशवीसारखी.
शर्टाचं तेच: पोटावर बटण ताणलेलं,
बाह्यांत वारा.
काटा म्हणतो, तोच माणूस.
टेप म्हणते, छे, हे गिऱ्हाईक नवं.
मी तीनदा मोजलं. मग बसवंतला मोजायला लावलं.
त्याला वाटलं मी त्याची परीक्षा घेतोय,
घाबरून अर्धा इंच कमी सांगितला.

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली.
मी आडवा कापलेला, फणसासारखा.
"इदु कोब्बु," बोट गोल फिरलं,
मग माझ्यासाठी मराठीत, "ही चरबी.
आतड्यांच्या भोवतीची. ती लवकर परत येते.
मांस मागं राहतं. चाला. डाळ खा."
मला हसू फुटलं, जुन्या टाक्यांत कळ येईपर्यंत.
शाळेत सुंठणकर मास्तर छडी उगारून विचारायचे,
चरबी चढलीय काय रे?
आणि परसात गौरव्वा, मी तिचे पेरू पाडले की,
एष्टु कोब्बु निनगे!
दोन भाषांच्या भांडणात आमची उमर गेली,
आणि माज म्हणजे चरबी
यावर दोघींचं कधीच एकमत झालेलं.
म्हटलं, डॉक्टर, एवढं कापून घेतलं
तेव्हा कुठं मला माज आला.
ते हसले नाहीत. पुढचा पेशंट होता.

रात्री शटर अर्धं ओढून
पँट उलटी केली.
मागच्या शिवणीत दोन इंच माया,
माझ्याच हातची.
आम्ही सोडतोच. माणूस आटेल, सुटेल,
कापडानं आत काही राखून ठेवावं.
बाहेरून दिसत नाही,
आणि त्याला कुणी माज म्हणत नाही.

पोटावर हात ठेवला.
वणाच्या दोन्ही बाजूंची वळी सारखी नाही,
डावीकडे जास्त,
घाईत दुमडल्यासारखी.
हाताला ऊब लागली.
वर्षभर या अंगात मला थंडीच वाजत होती,
भर मे महिन्यात स्वेटर.

ब्लेड घेतलं, शिवण उसवली.
पाऊण इंच इकडं, पाऊण तिकडं,
मशीन मारून पक्की केली.
मांड्यांना मात्र हात लावला नाही फारसा.
सकाळी येळ्ळूरच्या रस्त्यानं चालायला जायचंय.
तिथं नुसता कच्चा दोरा घातलाय,
पांढरा, लांब टाक्यांचा,
ओढला की निघेल असा.