दीड डेसिबल

चांदिवलीच्या गच्चीवर नऊ मीटरची डिश
एकोणीस वर्षं एकाच ठिपक्याकडे तोंड करून बसलीय.
तिच्या खाली, एसीच्या गारठ्यात, स्वेटर घालून
मी मोजतेय: छत्तीस मेगाहर्ट्झ, चौदा वाहिन्या.
मालकांना हव्यात अठरा.
नवा ट्रान्सपॉंडर मिळणार नाही,
आहे त्यातच बसवायचं.

म्हणून मी इकडचं तिकडे करते.
कीर्तन वाहिनीवरचे बुवा फारसे हलत नाहीत,
त्यांचे उरलेले बिट कबड्डीला.
निवेदिकेचे फक्त ओठ पाठवायचे,
मागची भिंत मघाशीच पोचलीय घरोघर.
दोन कॅरिअरमधला मोकळा बोळ
वीस टक्क्यांचा होता, पाचावर आणला,
अंग चोरून माणूस जाईल एवढा ठेवला.

सतरा झाल्या.

अठराव्या वाहिनीसाठी पॉवर वाढवली.
वर, छत्तीस हजार किलोमीटरवर, ॲम्प्लिफायर घुसमटला
आणि इथे मॉनिटरवर
सोळा ठिपक्यांची रेखीव रांगोळी
कुणाचा पदर लागावा तशी फिसकटली.

"ओरडू नकोस गं त्याच्यावर,"
मागून लोपीस सर. वसईहून येतात,
निवृत्तीला अकरा दिवस, डाव्या कानात यंत्र.
"आमची फिलोमिना मोठ्यानं बोलली
की यात नुसती खरखर येते.
दीड डेसिबल मागे घे."

घेतलं.
ठिपके एकेक करून
आपापल्या जागी येऊन बसले.

अठरा!
सरांनी डब्यातला इंदेलचा तुकडा पुढे केला.

मग तीन वाजले.
जाहिराती संपल्या की अकराव्या वाहिनीवर
वर्सोव्याचा समुद्र लावून ठेवतात सकाळपर्यंत.
कोण बघतं, ठाऊक नाही.
एन्कोडर मागच्या चौकटीवरून पुढची ताडतो,
पण इथे एक लाट दुसरीसारखी येईल तर शपथ.
काही गाळता येईना, काही गृहीत धरता येईना.
आलेख चढत गेला,
सतरा वाहिन्यांनी मुकाट्यानं जागा दिली,
बुवांच्या दाढीचे चौकोन झाले.

मेल लिहिला: समुद्र बंद करावा,
त्या जागी स्थिरचित्र चालेल,
चार टक्के क्षमता वाचेल.
आकडे दोनदा तपासले.

पाठवणार, तर सर मॉनिटरसमोर उभे,
कानातलं यंत्र काढून शर्टाच्या खिशात टाकलेलं.
समुद्र बघत होते.
मी हाक मारली, त्यांना ऐकू गेली नाही.

मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे.