शेऱ्याचा रकाना

मे महिन्यात, वळीव यायच्या आधी,
उमरगा तहसीलमध्ये मला एक काम असतं :
आपत्ती आराखड्यातली नावं
फोन लावून जिवंत आहेत का बघणं.

परिशिष्ट चार. पट्टीचे पोहणारे.
परिशिष्ट पाच. ट्रॅक्टर, दोरखंड, मोठ्या कढया.
परिशिष्ट सहा. साप धरणारे.

"हॅलो, निवृत्ती भोई का?"
"कोण बोलायलंय?"
"तहसीलमधून. पोहता येतं ना अजून?"
तिकडं जरा वेळ काहीच नाही. मग हसणं.
"गुडघे गेले, बाई. पण पाण्यात गुडघे लागतात कुठं?"
मी टिक करते.

साप धरणारा उस्मान पुण्यात वॉचमन झालाय. खोडला.
कढयावाले वारले, कढया दोघा भावांत वाटल्या गेल्या.
एका नंबराचे दोन नंबर केले.

दिल्लीत प्राधिकरण, मुंबईत प्राधिकरण,
जिल्ह्याला कलेक्टरसाहेब अध्यक्ष,
आणि पार खाली, जिथं कायद्याची वायर संपते,
तिथं मी, टेबलफॅन
आणि पाऊस लागला की आधी बंद पडणारा फोन.

दोन हजार पाचचा त्रेपन्नावा कायदा.
प्रशिक्षणात चहासोबत पुस्तिका मिळाली.
कलम तीस, जिल्ह्यानं काय काय करायचं.
कलम पासष्ट, वेळ पडली तर गाडी, जागा, सामान ताब्यात घ्यायचं.
सहासष्ट, घेतलं तर मोबदला द्यायचा.
मी एकसष्टवर थांबले.
मदत देताना बाई-पुरुष, जात, धर्म बघायचा नाही.
एवढंच. दोन ओळी.

आई सांगायची, शेडापाशी टँकर यायचा तेव्हाचं :
भूकंपानं सगळी घरं एकसारखी केली होती,
रांगा मात्र दोनच राहिल्या.
पुस्तिका सरकारी होती, तरी
त्या दोन ओळींखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली.

मी त्याच पत्र्याच्या शेडात जन्मले, पाच महिन्यांनी.
त्या रात्री विसर्जन करून गाव झोपलं होतं
माळवदाखाली, दोन-दोन हात माती डोक्यावर घेऊन.
सकाळी गल्ली नव्हती, घर नव्हतं,
दगडांचा एकच ढीग, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
जवान आले, फावडी आली.
खणायचं कुठं?

तेव्हा नूरबी मन्यारीण उठली.
तीस वर्षं घरोघर बांगड्या भरलेली बाई.
कुणाचं मनगट बारीक, कुणाचा हात कडक,
कुठल्या घरी बाळंतीण, तिची बाज कुठल्या भिंतीला,
म्हातारं दाराशी निजतं की चुलीपाशी,
सगळं तिच्या बोटांत होतं.
ती ढिगावर चालत गेली.
"इथं. नाही, हातभर उजवीकडं."
तिथून माझी आई निघाली,
कोपरापर्यंत फुटलेल्या हिरव्या काचा,
आणि पोटात मी.

कायदा तेव्हा व्हायचा होता. असता तरी
नूरबी कुठल्या परिशिष्टात बसली असती?

फॉर्मात सगळं विचारलंय :
माणसं किती, जनावरं किती, घर पक्कं की कच्चं.
शेवटी एक अरुंद रकाना, शेरा.
गावं तिथं 'निरंक' लिहून पाठवतात
आणि मी ते तसंच पुढं पाठवत आलेय, सहा वर्षं.

यंदा निवृत्ती भोईला विचारलं,
"रात्री घरात कोण कुठं झोपतं?"
"हे कायद्यात हाय का?"
"नाही. कलम तीसमध्ये कुठंतरी बसवू."
"बरं. पोरगा गच्चीवर. सून न् लेकरू मधल्या खोलीत, पंख्याखाली.
मी ओट्यावर.
आणि बाई, शेजारच्या वैजाबाईचं पण लिहा.
तिला ऐकू येत नाही. मागच्या खोलीत असती, कडी लावून."
"आतून की बाहेरून?"
"आतून."

रकाना पुरला नाही.
समासात लिहिलं.