शेरा

पाषाणच्या तळघरातला एसी वह्यांसाठी आहे,
माझ्यासाठी नाही.
मी शाल पांघरून बसते
आणि महसुली वह्यांमधला जुना पाऊस
कॉम्प्युटरमध्ये भरते.
इंच आणि सेंट गुणिले पंचवीस पूर्णांक चार.
तारीख, आकडा, सही.
वहीतल्या शेवटच्या रकान्याला
आमच्या फाइलमध्ये जागा नाही :
शेरा.

कुणी एक कुदळे निरीक्षक होते.
सकाळी आठला मापकाचं नरसाळं उचलायचे,
अठरा पावसाळे, एकही खाडा नाही.
"नरसाळ्यात चिंचेचा पाला."
"टाक मोडला, पेन्सिलीने लिहिले, क्षमस्व."
"बाटलीत बेडूक निघाला. आकडा अंदाजे."
एका मे महिन्यात,
"निरंक. आभाळ स्वच्छ. घरी कार्य."
बाणेरला माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं
हे मला सांगता येणार नाही,
पण कुदळ्यांचा सात कसा वळतो ते माहीत आहे.

मग एका सप्टेंबरात
सात इंच चौदा सेंट. खोडलेले.
खाली एक इंच चौदा. तेही खोडलेले.
पुन्हा सात, पेन दाबून, मागच्या पानावर उमटेल असा.
शेरा : "बाटली भरून वाहून गेली होती.
खरा आकडा याहून मोठा असावा.
विश्वास बसत नाही, तरी लिहितो."

प्रोग्रॅमने ती ओळ लाल केली.
संशयास्पद. वगळायची का?
डॉ. नेर्लेकर म्हणाल्या, शेजारच्या केंद्राशी ताडून बघ.
शेजारच्या केंद्राची वही आणली.
त्या महिन्याची पानं भिजून
एकमेकांना घट्ट चिकटली होती.

ओळ तशीच लाल ठेवून आम्ही सर्व्हेला गेलो.
दांडेकर पुलाखाली, ओढ्याच्या काठाने,
बेचाळीस प्रश्न घेऊन.
सतरावा मी स्वतः मराठीत केलेला :
अतिवृष्टीच्या जोखमीशी आपण कोणते अनुकूलन साधले आहे?
जैबून आत्तार म्हणाल्या, म्हणजे काय करायचं असतं?
मला पटकन सांगता आलं नाही.
त्यांनी चहा टाकला.
फ्रिज सिमेंटच्या ठोकळ्यांवर होता,
विजेची बटणं माझ्या खांद्याच्या उंचीला,
आणि रेशनकार्ड, आधार, सुनेची डिलिव्हरीची फाइल
माळ्यावर, प्रेशर कुकरमध्ये, रिंग लावून बंद.
मी विचारलं, पाणी कुठपर्यंत आलं होतं, खूण आहे का?
"रंग दिला वरून. रोज रोज कोण बघणार?"

निघताना उंबऱ्याशी पायाला पातेलं लागलं,
रिकामं, पोचे पडलेलं.
"राहू दे तिथंच. पावसाळाभर असतं.
पाणी आत आलं की ते सरकतं, दाराला वाजतं,
मी उठते, बाजूच्यांना उठवते.
तुमचा मेसेज येतो ना मोबाइलवर,
चांगला असतो. सकाळी येतो."

सतराव्या प्रश्नाला चार पर्याय होते.
मी "इतर"वर खूण केली,
पुढच्या अर्ध्या ओळीत लिहिलं, पातेले.
ऑफिसात "इतर"चा कोड नव्व्याण्णव.
नकाशावर जैबून आत्तारांचं घर
एक नारिंगी चौकोन आहे.
त्यात अजून चाळीसेक घरं मावतात.

तळघरात परत आले तेव्हा
ती लाल ओळ वाटच बघत होती.
वगळायची का?
एक माणूस ओल्या धोतराने उभा आहे,
भरून वाहिलेली बाटली हातात,
आणि स्वतःच्याच डोळ्यांशी वाद घालून
शेवटी डोळ्यांच्या बाजूने सही करतोय.
मी "नाही" दाबलं.

मग सहीच्या पुढे एक रकाना वाढवला.
कॉम्प्युटर म्हणाला, येथे आकडा अपेक्षित आहे.
माझं कंत्राट मार्चपर्यंत आहे,
रकाना त्यापुढे टिकेल असं नाही.
तरी सेटिंग बदललं
आणि कुदळ्यांचे शेरे पहिल्या पानापासून
भरायला घेतले,
चिंचेचा पाला, बेडूक, घरचं कार्य.

आजची तारीख. सकाळचे आठ.
निरंक. आभाळ स्वच्छ.
शेरा : नोंदणारीचे हात गार पडले आहेत,
आकडे तपासून घ्यावेत.