वेज

कसाव्याच्या पानाचा देठ.
मण्याला वेज पाडायला एवढंच लागतं.
मातीच्या साच्यात तो उभा करायचा,
भोवती काचेची पूड टिचक्या मारमारून बसवायची
आणि साचा भट्टीत सरकवायचा.
काच एकजीव होते, देठ जळून जातो.
तो जिथे उभा होता तिथून
मग पिढ्यान् पिढ्या दोरा ओवला जातो.

ओदुमासेच्या कोर्लेकीला यात काही नवल वाटत नाही.
तिला सध्या निळा मिळत नाही.
औषधाच्या जाड निळ्या बाटल्या यायच्या पूर्वी,
आता औषधं प्लॅस्टिकमध्ये येतात,
आणि प्लॅस्टिक कुटून काय होणार?
तरी तिने वितळवून पाहिलंच.
तेत्तेची तुटकी चप्पल. निळी होती म्हणून.
असा धूर उठला
की पलीकडच्या अंगणातून तीन बायका
बादल्या घेऊनच आल्या.
"मणी करतेस की भूत उतरवतेस, गं?"
भट्टी अर्ध्यावर उपसावी लागली.

मग तिने ठरवलं, निळ्याचा नाद सोडायचा.
काचेखेरीज काय काय बोलतं, ते ऐकायचं.

पामच्या बियांची कवची.
जन्मभर भट्टीत सरपण म्हणून घातली ती.
त्यातली मूठभर बाजूला काढून घासली दगडावर
वाळूने, पाण्याने, तळवे सोलवटेपर्यंत.
काळीभोर निघाली, गुळगुळीत.
जळणाला एवढं रूप असतं
हे कुणी सांगितलं नव्हतं तिला.

कुमासीकडचं पितळ आणलं, चार मणी, उधारीवर.
पितळ फार बोलतं.
कमरेला बांधलं तर ऐन प्रार्थनेत बोलेल.
तीन परत केले, एक ठेवला.

जुन्या कॅलेंडरचा कागद, गुंडाळून, डिंक लावून.
एप्रिल महिना सुंदर झाला होता.
दुपारच्या घामात विरघळला.

आणि बिघडलेला रेडिओ.
त्याच्या पोटात बारके बारके दाणे,
अंगावर रंगीत पट्टे, दोन्ही बाजूंना तारेच्या मिशा.
"कुणीतरी आधीच मणी करून ठेवलेत," ती म्हणाली,
"फक्त वेज पाडायचं विसरला बिचारा."
तिने मिशा वळवून त्यांचे फासे केले.
आणि त्यांतले काही, चक्क,
निळे.

लाको आत्याला सात वर्षं दिसत नाही.
पण त्या घरात कुठलीही माळ
तिच्या कानावरून गेल्याशिवाय कमरेला चढत नाही.
तिने माळ कानाशी धरली. हलवली.
पुन्हा हलवली.
बाहेर कोंबडी ओरडत होती, तिला हाकलायला लावलं.
मग तिसऱ्यांदा.

"यात एक उपरा आहे."

कोर्लेकीने श्वास धरला.
एक?

आत्याचं बोट माळेवरून सरकू लागलं.
कवचीवरून गेलं. पितळावरून गेलं.
रेडिओच्या वळवलेल्या मिशांवरून गेलं, अडखळलं, हसलं बहुतेक,
आणि पुढे जाऊन थांबलं
एका पिवळ्या मण्यावर.

काचेचा. कोर्लेकीच्याच हातचा.
त्या दिवशी, बादल्या आल्या तेव्हा,
घाईघाईने भट्टीतून उपसलेला.

"कच्चा आहे हा. आत अजून पूडच आहे."
"आणि बाकीचे, आत्या?"
"बाकीचे कोण कुठले, मला काय ठाऊक?
भाजलेत मात्र नीट."

गाठ दाताने सोडावी लागली.
पिवळा मणी खलात पडला
तेव्हा कोर्लेकीलाही ऐकू आलं,
बद्द.
एक घाव, दोन.
पूड पुन्हा पूड झाली, चाळणीतून खाली आली,
काही बिघडलं नव्हतं तिचं.

माळ तशीच उघडी ठेवून, दोऱ्याच्या टोकावर दगड ठेवून,
ती परसात गेली
कसाव्याचा एक देठ खुडायला.