दोनशेवीस नंबरची पूड

आधी ऐंशी नंबरची पूड, मग एकशेवीसची,
शेवटी दोनशेवीसची, पिठीसाखरेसारखी.
पाणी शिंपडायचं आणि बिडाचं जड चाक
दगडावर फिरवत राहायचं, इंग्रजी आठ काढत.
सव्वीस वर्षं हेच करतोय.
मुलं बडोद्याला चित्रं काढायला शिकतात,
मी ती पुसतो.

दगड मोजकेच. चार बोटं जाड होते, आता तीन.
उरलेलं एक बोट मोरीतून
विश्वामित्रीत गेलं असणार.
हल्ली सरही अकरा महिन्यांचे येतात.
दगडाची तेवढी तरी खात्री आहे.

निरंजना भोये डांगातून आली.
मेस बंद असली की कोपऱ्यावर
आमची अर्धी-अर्धी शेव-उसळ.
पहिल्या वर्षी विचारायची, काका, शाई का धरत नाही?
शेवटच्या वर्षी विचारलं, काका,
मी कोणाला लिहू?

बाकीच्यांना ठाऊक असतं.
कुणाची मावशी दिल्लीत गॅलरीवाली,
कोण गोरव्याच्या कुठल्या स्टुडिओत फ्रेमा उचलतं,
ओपनिंगला कोणत्या कोपऱ्यात उभं राहायचं.
ग्लासात सरबतच असतं,
पण तो धरायचा कसा.

माझ्याकडेही नंबर आहेत. वहीत, पेन्सिलीने.
दिवाळीला त्यातले दहा-बारा मेसेज करतात,
पणतीचं चित्र, सगळ्यांचं एकच.

तिच्या दगडावर भूत उठलं.
भूत म्हणजे जुन्या चित्राची चरबी;
कितीही घासा, ॲसिड लावा, एखादी खालून वर येतेच.
मी बघताक्षणी ओळखलं. तपनची सायकल,
पंधरा वर्षांपूर्वीची,
मागच्या चाकाला आरे कमी.
इतकी खोल कशी उतरली होती देव जाणे.
म्हटलं, आण, पुन्हा घासून देतो.
ती म्हणाली, राहू द्या.
आणि त्या चाकाचं जातं केलं,
जात्यापाशी आई, नागली दळणारी.

वार्षिक प्रदर्शनाला तपन आला.
मीच फोन केला होता, तीनदा.
त्या प्रिंटसमोर थांबला. मी दाराशी उभा,
हात पँटला पुसत.
“टोन छान आहे,” म्हणाला. “ही कोण?”
भोये. वघईची.
“नाही, म्हणजे कोणाची विद्यार्थिनी?”

आरे मोज, असं म्हणायला हवं होतं मी.
तेवढ्यात त्याला कोणीतरी हाक मारली.

निरंजना सुरतेला असते,
साड्यांचे काठ काढते, कॉम्प्युटरवर.
रविवारी फोन करते, पगार सांगत नाही,
दगड कसे आहेत विचारते.
माझ्या वहीत ती शेवटच्या पानावर,
एकटीच पेनाने लिहिलेली.

आज तोच दगड नळाखाली आहे.
नवी मुलगी बाजूला उभी,
तिचं नाव अजून मला नीट येत नाही.
ऐंशी झाली, एकशेवीस झाली.
दोनशेवीसचा डबा उघडला
आणि परत झाकण लावलं.
म्हटलं, घे, तयार आहे.